अल्पबचत आणि लॉटरी, एकाच दारावर

महाराष्ट्र राज्य लॉटरी ज्या आयुक्तालयाकडून चालते त्याच्या नावातच 'अल्पबचत व राज्य लॉटरी' अशी जोडी आहे. गोव्यातही तसंच, तिथल्या संचालनालयाच्या पाटीवर हे दोन शब्द शेजारी शेजारी आहेत. एका टेबलावरून माणसाला सांगायचं, की महिन्याला शंभर रुपये पोस्टात टाक, पुढेमागे मुलीच्या शिक्षणाला होतील. दुसऱ्या टेबलावरून त्याच माणसाला सांगायचं, की त्या शंभराची तिकिटं घे, सोडत जवळ आली आहे. ही दोन कामं एका खात्याकडे आली ती कारभाराच्या सोयीनं आली असतील. पण लॉटरीवर वाद पेटला की मला ही पाटी आठवते, कारण त्या वादात न विचारला जाणारा प्रश्न तिच्यावर लिहिलेला आहे. सरकारला या माणसाकडून नेमकं हवंय काय? त्यानं पैसे साठवावेत, की घालवावेत?

हा वाद २०२५ मध्ये पुन्हा वर आला. १२ एप्रिल १९६९ ला सुरू झालेली राज्य लॉटरी आता तिजोरीत नगण्य भर घालते, तेव्हा ती बंद करावी की केरळसारखी वाढवावी असा प्रश्न होता, आणि त्याच्या अभ्यासासाठी सुधीर मुनगंटीवार यांच्या अध्यक्षतेखाली आमदारांची समितीही नेमली गेली. बाहेर चर्चा झाली ती ठरलेल्या दोन सुरांत. एक सूर असा, की केरळ वर्षाला बारा हजार कोटींच्या घरात तिकिटं विकतं, त्यातून गरिबांच्या दवाखान्याचा खर्च उचलतं, मग आपण का मागे राहायचं? दुसरा सूर असा, की जुगार तो जुगार, गरीब माणूस नादाला लागतो, बायकोचं मंगळसूत्र विकतो, टाका बंद करून. पहिल्या सुरात गरीब माणूस दिसतच नाही, तो कोटींच्या आकड्यात विरून गेलेला असतो. दुसऱ्या सुरात तो दिसतो, पण स्वतःचं हित न कळणारा म्हणून, ज्याच्या हातातून पैसे काढून घेतले पाहिजेत असा. दोन्ही बाजू त्याच्या नावानं बोलतात आणि त्याच्याकडे नीट बघत कोणीच नाही.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. लॉटरीचा बोजा गरिबांवर अन्यायानं पडतो, याबद्दल मला शंका नाही. पण त्यातला अन्याय तिकीट घेणाऱ्याच्या वागण्यात शोधायला गेलं की सगळा वाद नासतो. अन्याय विकणाऱ्याच्या वागण्यात आहे. खासगी माणसानं सोडत काढली तर तो गुन्हा, आणि तीच सरकारनं काढली तर तो महसूल. हा अधिकार ज्याच्या हातात आहे त्यानं तो कसा वापरला, हे तपासायला हवं. म्हणून सरसकट बंदी मला पटत नाही आणि केरळच्या वाटेनं विस्तार तर मुळीच पटत नाही. लॉटरी राहिली तर राहू दे, पण सरकारनं तिच्यावर जगू नये.

आधी हिशेब बघू. केरळमध्ये रोज निघणाऱ्या सोडतीला एक कोटी आठ लाख तिकिटं असतात आणि पहिलं बक्षीस एक कोटीचं. समजा, एका माणसानं रोज न चुकता एक तिकीट घेतलं. पहिलं बक्षीस सरासरीनं एकदा लागायला त्याला साडेएकोणतीस हजार वर्षं लागतील. तिकीट २०२५ मध्ये चाळीसचं पन्नास रुपये झालं. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून लॉटरीवरचा जीएसटी चाळीस टक्के झाला, म्हणजे पन्नासच्या तिकिटातले चौदा रुपये सोडत निघायच्या आधीच करात गेले. सोन्याच्या दागिन्यावर हाच कर तीन टक्के आहे. आणि बक्षीस लागलंच तर त्यातून एजंटाचं साधारण दहा टक्के कमिशन कापलं जातं, मग उरलेल्यावर तीस टक्के प्राप्तिकर आणि वरचे अधिभार. कोटीतले एकोणसाठ-साठ लाख हातात आले तर आले. शिवाय हा तीस टक्के दर बक्षीस लागलेल्या कारकुनाला आणि कारखानदाराला सारखाच. ज्याच्या मिळकतीवर एरवी एक पैसाही प्राप्तिकर लागत नाही, तो मजूर या एका बाबतीत श्रीमंताच्या रांगेत बसतो.

आता रोज सहाशे रुपये मजुरी मिळवणारा आणि रोज तीन हजार पगार पडणारा असे दोघं घ्या. दोघांनी दोन-दोन तिकिटं घेतली. पहिल्याच्या दिवसाच्या कमाईचा सहावा हिस्सा गेला, दुसऱ्याचा तिसावा. अमेरिकेत लॉटरीवर गेली चाळीसेक वर्षं जे अभ्यास झाले, त्यांचा सारांश साधारण हाच आहे: उत्पन्न वाढतं तसा लॉटरीवरचा खर्च त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून मिळकतीतला वाटा गरिबाचा मोठा पडतो. कराच्या भाषेत याला उलटी चढण म्हणता येईल. ज्याच्याकडे कमी, त्याच्याकडून जास्त. विल्यम पेटी या इंग्रज अर्थज्ञानं १६६२ मध्येच लॉटरीला कर म्हटलं होतं, स्वतःच्या नशिबाविषयी फाजील समजूत असलेल्या दुर्दैवी मूर्खांवरचा कर. त्यातला 'कर' हा शब्द मला मान्य आहे. 'मूर्ख' हा शब्द मान्य नाही.

लालबागच्या ज्या चाळीत मी वाढलो तिथे शेजारच्या खोलीत एक गिरणी कामगार राहायचे. पगाराच्या दिवशी ते दोन तिकिटं आणायचे आणि देव्हाऱ्यात कुंकवाच्या डबीखाली ठेवायचे. मी शाळेत नुकतीच शिकलेली संभाव्यता त्यांच्यावर चालवली. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "बाळा, पगारातनं पोट भरतं. घर नाही होत." त्या वेळी मला ते उत्तर चुकीचं वाटलं होतं. आज ते मला या विषयावरचं सगळ्यांत नेमकं वाक्य वाटतं. दोनशे रुपये वाचवले तर महिन्याला दोनशे साठतात, आणि दोनशेच्या सगळ्या बेरजा करूनही मुंबईत खोली होत नाही, की गावची गहाण जमीन सुटत नाही. गरिबाला छोट्या रकमेनं सुटतील असे प्रश्न फार थोडे असतात. त्याला एकरकमी पैसा लागतो, आणि बँक तो तारणाशिवाय देत नाही. अशा वेळी पन्नास रुपयांचं तिकीट हा त्याच्या आवाक्यातला एकमेव रस्ता असतो, मग तो कितीही अरुंद असो. यात गणिताचं अज्ञान नाही. त्याला गणित येतं, म्हणूनच तर त्याला कळलेलं आहे की साध्या बेरजेनं काही होणार नाही.

आपल्याकडच्या भिशीकडे बघा. तिच्यातही चिठ्ठीच निघते. दहाजणी महिन्याला हजार-हजार काढतात, एकीच्या नावाची चिठ्ठी येते, तिला दहा हजार एकदम मिळतात. एकरकमी पैशाची भूक तीच, चिठ्ठी उघडतानाची धडधडही तीच. फरक एवढाच, की भिशीत प्रत्येकीचा नंबर लागतो आणि कुणाचा पैसा बुडत नाही. म्हाडाच्या सोडतीतही नाव न आलेल्याला अनामत रक्कम परत मिळते. तेव्हा चिठ्ठी टाकणं, नशिबावर भरवसा ठेवणं, यात मूलतः काही वाईट आहे असं मला वाटत नाही. वाईट आहे ते हरणाऱ्याच्या पैशाचं पुढे जे होतं ते.

आता विरोधी बाजूचा मला सगळ्यांत वजनदार वाटणारा मुद्दा. गरिबानं आपल्या घामाचा पैसा कशावर घालवावा हे ठरवणारे आपण कोण? सुखवस्तू माणूस हॉटेलात दोन हजार उडवतो तेव्हा कुणी समिती नेमत नाही. आणि जुगार काय फक्त गरीबच खेळतो? सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेनं सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, तीन आर्थिक वर्षांत फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर पैसे लावणाऱ्या करारांमध्ये उतरलेल्या व्यक्तिगत गुंतवणूकदारांपैकी त्र्याण्णव टक्के तोट्यात गेले. त्यांचा एकूण तोटा एक लाख ऐंशी हजार कोटींच्या वर होता. ही मंडळी बहुतेक शिकलेली, मोबाइलवर तक्ते बघणारी. तेव्हा गरिबाच्या पन्नास रुपयांवर नीतीचे पाठ द्यायचा अधिकार आपला नाही, हे मी मनापासून मान्य करतो.

पण हेच उदाहरण जरा पुढे नेऊन बघू. शिकलेल्यांच्या या सट्ट्याशी सरकारी यंत्रणा कशी वागली? सेबीनं दलालांना सक्ती केली, की खात्यात शिरणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असं लिहा: दहापैकी नऊ जण तोट्यात जातात. मग नोव्हेंबर २०२४ पासून कराराचा किमान आकार पंधरा लाखांवर नेला, म्हणजे ज्याला झेपत नाही त्यानं आत येऊच नये. गोव्यात काय झालं? कॅसिनोमध्ये गोंयकारांना प्रवेशबंदी करण्यात आली, १ फेब्रुवारी २०२० पासून. बाहेरच्या माणसानं हरावं, आपल्या माणसाची घरं मोडू नयेत, हा त्यामागचा विचार. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर तर संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्यानं बंदी आणली, आणि तिथेही कुटुंबं उद्ध्वस्त होतात हेच कारण दिलं. म्हणजे बाजारातल्या सट्ट्याला सरकार इशारा देतं, कॅसिनोच्या दारात राखण करतं, मोबाइलवरचा डाव बंद करतं. मग फुटपाथवरच्या तिकिटाचीच तेवढी जाहिरात का करतं? कुठल्या राज्याच्या लॉटरीच्या तिकिटावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं, की पहिलं बक्षीस लागण्याची शक्यता एक कोटी आठ लाखांत एक आहे? निवडीचं स्वातंत्र्य मला मोलाचं वाटतं. पण ज्याला ते द्यायचं, त्याला निदान खरी माहिती तरी द्यायला नको का? ज्या मालावर सरकार तंबाखूच्या रांगेतला कर लावतं, तोच माल ते स्वतः छापून विकतं आणि वर लक्ष्मीची नावं देतं. गरिबाच्या स्वातंत्र्याचा कैवार घेणाऱ्यांनी याचं उत्तर द्यायला हवं.

दुसरा मोठा मुद्दा मटक्याचा. १९६९ मध्ये राज्य लॉटरी आणली तेव्हा सांगण्यात आलं होतं, की लोक खेळणारच आहेत, तर मटक्यासारख्या बेकायदा अड्ड्यांकडे जाण्यापेक्षा सरकारकडे यावेत. युक्तिवाद ऐकायला चांगला आहे. न्यूयॉर्कहून तारेनं येणाऱ्या कापसाच्या भावांवर मुंबईत सट्टा लागायचा; ते भाव येणं साठच्या दशकाच्या सुरुवातीला थांबलं, मग माठातून आकडे काढायला सुरुवात झाली आणि गिरणगावात कोपऱ्याकोपऱ्यावर आकडा लागू लागला. लॉटरी आली. मटका गेला का? मटक्याचा खरा भर तर सरकारी लॉटरी सुरू झाल्यानंतरचा. त्याला उतार लागला तो पोलिसांच्या कारवाईनं आणि १९८२ च्या संपानंतर गिरण्याच बसल्या म्हणून. खेळणाऱ्यांचे पगार संपले, मग खेळ आटला. सरकारी तिकिटानं त्याची जागा घेतल्याचं काही दिसत नाही. माझे शेजारी दोन्ही खेळायचे.

उलट सरकारी सोडतच बेकायदा सट्ट्याला आकडा पुरवते, असं जुन्या-नव्या दोन्ही काळांत दिसतं. लंडनमध्ये अठराव्या शतकात सरकारी लॉटरीची तिकिटं इतकी महाग होती, की गरिबाला ती परवडायची नाहीत. मग दलाल निघाले. कुठला क्रमांक आज निघेल यावर ते किरकोळ पैसे लावून घेत. घरगडी, मोलकरणी, कारागीर त्यात बुडाले. १८०८ मध्ये तिथल्या संसदेच्या समितीनं या सगळ्याची चौकशी करून लॉटरीवर कडक ताशेरे ओढले आणि १८२६ मध्ये ब्रिटननं आपली सरकारी लॉटरी थांबवली. आज केरळमध्ये राज्याच्या निकालातल्या शेवटच्या तीन आकड्यांवर बेकायदा सट्टा चालतो. सरकारी निकाल वर्तमानपत्रात छापून येतो, त्यावर लोकांचा विश्वास असतो, आणि त्या विश्वासावर अड्डेवाला आपला धंदा उभा करतो.

मग बंदी घालावी का? तमिळनाडूनं २००३ मध्ये घातली, कर्नाटकानं २००७ मध्ये. बंदीवाल्यांनी तमिळनाडूकडे डोळे उघडे ठेवून बघावं. केरळची तिकिटं सीमेवरून आत येत राहिली आणि तीन आकड्यांचा चोरटा सट्टा गावोगाव पोचला. डिसेंबर २०१९ मध्ये विळुप्पुरममध्ये अशाच बेकायदा लॉटरीच्या कर्जात बुडालेल्या एका सोनकाम करणाऱ्यानं लहान मुलींसह सगळ्या कुटुंबाचा शेवट केला. बंदी होऊन तेव्हा सोळा वर्षं उलटली होती. दिव्यांग, विधवा, म्हातारी माणसं तिकिटं विकून पोट भरतात तेही खरं आहे, आणि बंदीची पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर पडते. म्हणून मी बंदी मागत नाही. पण विक्रेत्याचं पोट हे लॉटरी वाढवण्याचं कारण होऊ शकत नाही. ज्यांना राज्यानं पेन्शन आणि रोजगार द्यायला हवा होता, त्यांना आपल्याइतक्याच गरीब माणसाच्या खिशावर सोपवायचं, याला कल्याण म्हणणं मला जड जातं.

कल्याणावरून केरळच्या 'कारुण्य' लॉटरीकडे येतो. के. एम. मणी अर्थमंत्री असताना २०११ च्या सुमारास ती आली. तिच्या नफ्यातून कर्करोग, हृदयरोग, मूत्रपिंडाच्या आजारांच्या रुग्णांना मदत मिळाली. हजारोंना मिळाली, आणि त्या मदतीनं जगलेल्या माणसासमोर उभं राहून 'ही योजना चूक होती' असं म्हणायची माझी हिंमत नाही. पण प्रश्न विचारावाच लागतो: गरिबाच्या आजाराचा खर्च गरिबाच्याच तिकिटातून का यावा? रुग्णालय ही राज्याची जबाबदारी असेल, तर तिचा भार ज्याला झेपेल त्यानं उचलायला हवा. मलबार हिलवरच्या मालमत्तेवरचा कर आणि कुर्ल्याच्या नाक्यावरचं तिकीट, दोन्हींतून येणारा रुपया तिजोरीत गेल्यावर सारखाच दिसतो. कुठून निघाला हे पुसलं जातं. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात १९९३ पासून लॉटरीच्या पैशातून गुणवंत विद्यार्थ्यांना महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळते. तिकिटं कमी उत्पन्नाच्या वस्त्यांत जास्त खपतात आणि शिष्यवृत्ती मोठ्या प्रमाणात मध्यम आणि वरच्या वर्गाच्या मुलांना जाते, कारण चांगले गुण मिळवायला लागणारी शाळा त्यांच्याच वाट्याला आलेली असते. गरिबानं न कळत श्रीमंताच्या मुलाची फी भरली. कोलकात्यात कंपनी सरकारनं १८१७ मध्ये लॉटरी कमिटी नेमून रुंद रस्ते आणि चौक बांधले होते. त्यामागची सोय उघड होती, कर लावला असता तर वाद झाला असता. लॉटरीवर कोणी मोर्चा काढत नाही. राज्यकर्त्यांना ती आवडते ती यासाठीच.

आणि एकदा आवडली की सुटत नाही, हा माझा सगळ्यांत मोठा आक्षेप आहे. १९९८ चा लॉटरी कायदा सांगतो, की एका लॉटरीची आठवड्यात एकाहून जास्त सोडत नको. कायदा करणाऱ्यांचा हेतू स्पष्ट होता: मधे श्वास घ्यायला वेळ मिळावा, रोजची सवय जडू नये. केरळनं काय केलं? आठवड्याच्या सात वारांना सात वेगवेगळ्या नावांच्या लॉटऱ्या. कायद्याचं अक्षर पाळलं गेलं आणि सोडत रोज दुपारी निघू लागली. १९६८ च्या २६ जानेवारीला केरळची पहिली सोडत निघाली तेव्हा तिकीट एक रुपयाचं होतं, बक्षीस पन्नास हजारांचं, आणि खासगी लॉटऱ्यांवर बंदी घालून सरकारनं ती सुरू केली होती. तिथून बारा हजार कोटींपर्यंतचा प्रवास कुणा एका दुष्ट मंत्र्यानं घडवलेला नाही. डाव्या आघाडीनं चालवला, काँग्रेस आघाडीनंही चालवला. अर्थसंकल्पात एकदा आकडा लिहिला, की पुढच्या वर्षी तो कमी दाखवायला कुठला अर्थमंत्री धजेल? मग नागरिकानं जास्त खेळावं ही राज्याची गरज होऊन बसते. ईशान्येकडच्या राज्यांच्या लॉटऱ्या विकणाऱ्या फ्यूचर गेमिंग या एका कंपनीनं १,३६८ कोटींचे निवडणूक रोखे घेतले होते, सगळ्या देणगीदारांत सर्वाधिक. ही यादी मार्च २०२४ मध्ये उघड झाली. तिकिटाचे पैसे कुठवर पोचतात याचा अंदाज यावरून यावा. अशा धंद्याला लगाम घालायची इच्छा कुणाच्या मनात टिकेल?

जुन्या राज्यकर्त्यांना हा धोका कळत होता. कौटिल्यानं द्यूतासाठी स्वतंत्र अध्यक्ष नेमायला सांगितलं, खेळ एकाच जागी व्हावा असं बंधन घातलं आणि जिंकलेल्या रकमेतून शंभराला पाच घ्यायला सांगितले. त्याचा एक हेतू होता चोरट्या मार्गानं जगणाऱ्यांवर नजर ठेवण्याचा. अर्थशास्त्राचा सगळा रोख तिजोरी भरण्यावर असूनही, द्यूताला प्रजेच्या दारोदार नेण्याची भाषा त्यात नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९५७ च्या चमारबागवाला खटल्यात जुगाराला व्यापाराचा दर्जा नाकारला, तेव्हा सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तापर्यंत मागे जाऊन दाखले दिले. 'अक्षैर्मा दीव्यः कृषिमित्कृषस्व' असं त्या सूक्तात आहे. फासे टाकू नकोस, शेत कस. १९९९ मध्ये याच न्यायालयानं सांगितलं, की सरकारनं काढली म्हणून लॉटरीचं जुगारपण जात नाही. ब्रिटननं १९६८ च्या कायद्यात एक शहाणा भेद केला होता: लोकांना आधीच असलेली खेळण्याची इच्छा भागवू द्या, पण ती पेटवू नका. मला हाच भेद महाराष्ट्रात हवा आहे. आठवड्याला एक सोडत, जाहिरात नाही, तिकिटावर शक्यतेचा आकडा, आणि मिळकतीचा आकडा अर्थसंकल्पाच्या अंदाजात धरायचा नाही. विस्तारवाले म्हणतील, अशानं लॉटरी खपणारच नाही. जाहिरात आणि रोजची सोडत काढून घेतल्यावर जी मागणी उरेल, तीच खरी लोकांची मागणी होती. बाकीची सरकारनं निर्माण केलेली होती.

पण माझ्या शेजाऱ्यांच्या त्या वाक्याचं काय? पगारातून पोट भरतं, घर होत नाही. नुसता लगाम घालून त्यांचा प्रश्न सुटत नाही, आणि इथे मला आयुक्तालयाच्या त्या पाटीकडे परत यावंसं वाटतं. ब्रिटनमध्ये हॅरॉल्ड मॅकमिलन अर्थमंत्री असताना १९५६ मध्ये प्रीमियम बाँडची घोषणा झाली. माणूस सरकारी बाँड घेतो. त्याला ठरावीक व्याज मिळत नाही. सगळ्यांचं व्याज एकत्र करून दर महिन्याला सोडत निघते आणि त्यातून बक्षिसं वाटली जातात. बक्षीस लागो न लागो, मूळ रक्कम जशीच्या तशी राहते, हवी तेव्हा काढता येते. विरोधी बाकावरच्या हॅरॉल्ड विल्सन यांनी तेव्हा या योजनेवर कडाडून टीका केली होती. पहिली सोडत १९५७ मध्ये निघाली आणि योजना आजही चालू आहे, विल्सन यांच्या पक्षाच्या सरकारांनीही ती मोडली नाही. ही एका परीनं सरकारी भिशीच आहे. महाराष्ट्रात दहा लाख माणसांनी एक-एक हजार रुपये असे ठेवले, तर शंभर कोटी होतात. सात टक्क्यांनी वर्षाचं व्याज सात कोटी, म्हणजे महिन्याला अठ्ठावन्न लाखांची बक्षिसं. कोटीचं बक्षीस दर आठवड्याला निघणार नाही, हे कबूल. तिजोरीला फारसं काही मिळणार नाही, हेही कबूल; ते मिळू नये हाच तर मुद्दा आहे. अल्पबचत योजना केंद्राच्या असल्यामुळे दिल्लीशी बोलणी करावी लागतील, नियम बदलावे लागतील. पण समिती केरळला जाऊन येऊ शकते, तर हाही अभ्यास करू शकते. त्यासाठी नवं खातं काढायची गरज नाही, दोन्ही टेबलं आधीच एका छपराखाली आहेत.

विक्रेतेही तेच राहू शकतात. दादर स्टेशनबाहेर दोरीला चिमटे लावून तिकिटं टांगणारा माणूस त्याच दोरीवर हे बाँड टांगेल, त्याला त्याचं कमिशन मिळेल. घेणारा ते घरी नेईल, देव्हाऱ्यात कुंकवाच्या डबीखाली ठेवील, सोडतीच्या दिवशी पेपर उघडून आकडे ताडून बघील. नंबर लागला नाही तर कागद फाडून टाकणार नाही. पुन्हा डबीखाली सरकवून ठेवील, कारण त्याचे हजार रुपये अजून त्यात असतील.